पोर वांड, की वर्ग वांड?

(विहाराच्या वर्धापनदिनी भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, शाळेत जाणाऱ्या मुलांवर दोन शब्द बोला. मी काही प्राध्यापक नाही. माझं आयुष्य गिरणीत गेलं. पाळी सुटली की वाचनालयात बसायचं, जे कळत नाही ते एखाद्या गुरुजींना विचारायचं, असं करत करत जे काही गाठीला आलं तेच आज तुमच्यापुढे सोडणार आहे. विषय मात्र परका नाही. तुमच्या-माझ्या घरातलाच आहे.

आपल्या वस्तीत मुलांबद्दल दोन शब्द फार चालतात. एक ‘वांड’ आणि दुसरा ‘ढ’. शाळेतून तक्रार आली, की बाप म्हणतो, पोरगं वांड आहे. निकाल लागला, की आई म्हणते, पोरगं ढ आहे. आणि बहुतेक वेळा दोन्ही शब्द एकाच पोराला चिकटतात. तिसरी-चौथीतलं ते लेकरू हे ऐकतं आणि हळूहळू स्वतःही तसंच मानायला लागतं. मग सातवी-आठवीत शाळा सुटते आणि आपण म्हणतो, त्याच्या नशिबातच शिक्षण नव्हतं. बंधूंनो, नशीब हा शब्द आपण बाकी सगळीकडून हद्दपार केला, मग पोरांच्या शिक्षणात तो कशाला शिल्लक ठेवायचा?

गिरणीत धागा वारंवार तुटायला लागला, तर जाणता जॉबर धाग्याला शिव्या देत बसत नाही. खात्यातली हवा कोरडी पडली का, साचा नीट चालतो का, ताण जास्त बसतो का, कापूस कसला आला, हे तो आधी बघतो. धागा कच्चा असूही शकतो, नाही असं नाही. पण तो निर्णय सगळ्यात शेवटी होतो. मुलांच्या बाबतीत मात्र आपण पहिला निर्णय हाच करतो, की धागाच कच्चा!

शाळेतल्या मुलाची वागणूक आणि त्याचा अभ्यास यांचा संबंध काय, यावर जगात शंभराहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्या शास्त्राला शालेय मानसशास्त्र म्हणतात. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी अमेरिकेतल्या आहेत. पण ज्या शाळांत हे प्रयोग झाले, त्यातल्या कितीतरी शाळा गरीब वस्त्यांतल्या होत्या. म्हणून त्या आपण समजून घेतल्या पाहिजेत.

सुरुवातीची एक गोष्ट सांगतो. १८९६ साली फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, लाइटनर विटमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मुलांसाठी एक दवाखाना उघडला. औषधाच्या बाटल्यांचा नव्हे, तर मुलाला शिकायला अडचण कुठे येते ते शोधण्याचा. एक शिक्षिका त्यांच्याकडे १४ वर्षांचा मुलगा घेऊन आली. मुलगा तसा चांगला, पण शब्द बरोबर लिहिणं त्याला जमेना. विटमर यांनी त्याला नीट तपासलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत दोष निघाला. त्याला चष्मा दिला, वेगळं शिकवलं आणि पोरगं सुधारायला लागलं. आता विचार करा, आपल्या वस्तीत अशी किती मुलं असतील, ज्यांना मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, किंवा ज्यांचा कान वाहतो आणि गुरुजींचं बोलणं अर्धंच ऐकू येतं? फळा दिसला नाही की पोरगं शेजारच्याच्या वहीत डोकावतं. शेजारचा ओरडतो, गुरुजी रागावतात, आणि शिक्का बसतो, वांड आहे म्हणून!

आता पुढची पायरी. १९६० नंतरच्या दशकात काही संशोधक वर्गात मागे जाऊन बसले आणि त्यांनी फक्त मोजायला सुरुवात केली. मूल किती वेळा जागेवरून उठतं, किती वेळा मध्येच बोलतं, शिक्षक किती वेळा रागावतात, किती वेळा शाबासकी देतात. मत नाही, आरोप नाही, नुसती मोजणी. आणि मोजल्यावर भलतंच निघालं.

इलिनॉय राज्यात एका पहिलीच्या वर्गात ४८ मुलं होती आणि दोन शिक्षिका मिळून शिकवत होत्या. मुलं सारखी उठायची, शिक्षिका सारख्या म्हणायच्या, ‘खाली बस!’ संशोधकांनी त्यांना सांगितलं, काही दिवस हा हुकूम कितीतरी पटीने वाढवा. त्यांनी वाढवला. काय झालं असेल? मुलं जास्त बसली? नाही. उठणाऱ्यांची संख्या वाढली! मग सांगितलं, आता उठणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, बसून काम करणाऱ्याला शाबासकी द्या. तेव्हा उठणं कमी झालं. १९६८ साली हा अभ्यास छापून आला.

यातली मेख समजून घ्या. ‘खाली बस’ म्हटलं की ते मूल त्या क्षणी बसतंच. म्हणून शिक्षिकेला वाटतं, आपला हुकूम लागू पडला. पण मुलाला काय कळलं? की उठलं तर बाई आपल्याकडे बघतात, आपलं नाव घेतात. साठ-सत्तर पोरांच्या गर्दीत कुणी आपलं नाव घेणं ही लहान गोष्ट आहे का? रागावून का होईना, घेतलं तर खरं! आपल्या घरी तेच होतं बघा. पोरगं कोपऱ्यात मुकाट्याने पुस्तक वाचत असतं तेव्हा घरात कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नसतं. त्यानं ताट आपटलं, की सगळं घर त्याच्याकडे वळतं.

त्याच सालचा आणखी एक अभ्यास आहे. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या. पहिलं, वर्गात नियम सांगितले. नुसत्या नियमांनी फारसा फरक पडला नाही. दुसरं, चुकीच्या वागण्याकडे दुर्लक्ष केलं. नुसत्या दुर्लक्षानंही भागलं नाही. मग दुर्लक्षाबरोबर चांगल्या वागण्याला लगेच, नेमकी शाबासकी द्यायला सुरुवात केली. तेव्हा वागणूक सुधारली. नेमकी शाबासकी म्हणजे काय? ‘शहाणा गं बाळ’ ही नेमकी नाही. ‘तू आज पाच गणितं न उठता सोडवलीस’, ही नेमकी. भिंतीवर पाटी लावून भागत नाही, हे आपल्याला गिरणीत माहीत होतंच. तिथं किती पाट्या लावलेल्या असत, आणि त्या कोण वाचत असे!

इथपर्यंत एकेका मुलाची गोष्ट झाली. आता आख्ख्या वर्गाची ऐका, कारण माझ्या भाषणाचा गाभा तिथं आहे.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात बाल्डविन सिटी नावाचं लहान गाव आहे. तिथल्या चौथीच्या एका वर्गात २४ मुलं होती. त्यातल्या सात जणांच्या तक्रारी मुख्याध्यापकांपर्यंत गेलेल्या होत्या. मुरिएल सॉन्डर्स ह्या शिक्षिका, आणि हॅरिएट बॅरिश व मॉन्ट्रोज वुल्फ ह्या संशोधकांनी मिळून एक खेळ काढला. वर्गाचे दोन संघ केले. नियम सांगितले. कुणी न विचारता उठलं किंवा मध्येच बोललं, की त्याच्या संघाच्या नावापुढे फळ्यावर एक फुली. ज्या संघाच्या फुल्या कमी तो जिंकला, आणि दोघांच्याही फुल्या थोड्या असल्या तर दोघेही जिंकले. बक्षीस काय? जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, तक्त्यावर तारा, दिवसाच्या शेवटी आवडीचं काम करायला मोकळा वेळ. पैसा लागला नाही, छडी लागली नाही.

गणिताच्या तासाला आधी मोजणी केली, तेव्हा मोजलेल्या वेळेपैकी ९६ टक्के भागांत कुणी ना कुणी मध्येच बोलत होतं आणि ८२ टक्के भागांत कुणी ना कुणी जागेवरून उठलेलं होतं. खेळ सुरू झाल्यावर हे आकडे १९ आणि ९ टक्क्यांवर आले. खेळ बंद केला, तर गोंधळ परत वाढला. पुन्हा सुरू केला, पुन्हा कमी झाला. पोरं तीच, बाई त्याच, पुस्तक तेच. मग वांड कोण होतं? पोरं वांड होती, की वर्गाची रीत वांड होती?

ह्या खेळाला इंग्रजीत ‘गुड बिहेविअर गेम’ म्हणतात, म्हणजे चांगल्या वागणुकीचा खेळ. १९६९ साली तो छापून आला आणि पुढे अनेक देशांत गेला. त्याची उणी बाजूही सांगतो. त्याच वर्गात दोन मुलांनी आम्ही खेळत नाही म्हणून सांगितलं आणि त्यांच्यामुळे त्यांच्या संघाला फुल्या पडायला लागल्या. शेवटी त्यांना संघातून वेगळं करावं लागलं. सामुदायिक जबाबदारीत हा धोका असतो, की एकाच्या चुकीसाठी बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून असा खेळ चालवणाऱ्या माणसाचं लक्ष बारीक पाहिजे.

आता बाल्टिमोर शहराकडे येऊ. तिथल्या सरकारी शाळांत मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली मुलं शिकत होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे शेपर्ड केलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५-८६ साली शहरातल्या १९ प्राथमिक शाळांमध्ये पहिलीच्या ४१ वर्गांत मोठा प्रयोग सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, की कुठल्या वर्गात हा खेळ चालेल, कुठल्या वर्गात वाचनाची विशेष पद्धत चालेल, आणि कुठला वर्ग नेहमीसारखा राहील. मुलंही सगळ्या वर्गांत सारखी वाटून दिली, म्हणजे एका वर्गात सगळी शांत आणि दुसऱ्यात सगळी दंगेखोर असं होऊ नये.

आठवड्यातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटांपासून खेळाला सुरुवात झाली. पुढे वेळ वाढवत नेली. आधी खेळ सांगून व्हायचा, नंतर न सांगता, म्हणजे चांगलं वागणं खेळापुरतं राहू नये. आणि मग संशोधकांनी ती मुलं सोडून दिली नाहीत. ती १९ ते २१ वर्षांची झाली तेव्हा त्यांना परत गाठलं. नेहमीच्या वर्गांतल्या मुलग्यांपैकी ३८ टक्के अमली पदार्थांच्या आहारी गेलेले होते. ज्या वर्गांत पहिलीत खेळ झाला, तिथल्या मुलग्यांत हे प्रमाण १९ टक्के, म्हणजे बरोबर निम्मं! आणि लहानपणी जी मुलं सगळ्यात जास्त मारामारी करणारी होती, त्यांच्यात फरक सर्वांत ठळक पडला. मुलींमध्ये मात्र असा फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे.

माता-भगिनींनो, आपल्या वस्तीत गुटखा, दारू आणि नाक्यावरच्या टोळक्यांनी किती घरं बसवली हे मी सांगायला नको. आपण पोरगं अठराचं झालं की मग धावपळ करतो. हे संशोधन सांगतं, की त्याची मुळं पहिलीच्या वर्गात असतात आणि तिथंच ती हाताला लागतात.

ह्याच अभ्यासातून १९९८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिलीत मारामारी करणारा एक मुलगा घ्या. तो शांत, शिस्तीच्या वर्गात पडला, तर सहावीपर्यंत बराचसा निवळतो. तसाच मुलगा गोंधळाच्या वर्गात पडला, तर सहावीत तो दांडगा होण्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो. म्हणजे पोराचं काय होणार हे नुसतं पोरावर ठरत नाही, त्याच्या आजूबाजूला कसला वर्ग आहे त्यावरही ठरतं. माझ्या विषयाचं नाव ‘पोर वांड, की वर्ग वांड’ असं का ठेवलं ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

पण थांबा. इथं कुणी म्हणेल, चला, उत्तर सापडलं. पोरांना गप्प बसवा, की झाली हुशार! तसं अजिबात नाही. आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

१९७२ साली विनेट आणि विंकलर ह्या दोन संशोधकांनी आपल्याच क्षेत्रातल्या लोकांना खडसावलं. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही मुलांना हलू नका, बोलू नका, सांगितलेलं ऐका, एवढंच शिकवत आहात. त्यातून शिक्षण कुठं झालं? अगदी खरं आहे. गप्प बसलेलं मूल म्हणजे शिकलेलं मूल नव्हे. आपल्या कितीतरी मुली वर्गात पाच-पाच वर्षं गप्प बसतात. कुणाची तक्रार येत नाही. आणि पाचवीत कळतं, की पोरीला जोडाक्षरही वाचता येत नाही. दंगा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं, गप्प बसणारी पोर कुणाच्याच लक्षात येत नाही.

बाल्टिमोरच्या पहिल्या प्रयोगातही तेच दिसलं. खेळाने मारामारी कमी झाली, पण वाचन आपोआप वाढलं नाही. वाचन वाढलं ते वाचनाच्या विशेष पद्धतीने. ती पद्धत काय? एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, ज्याचा राहिला त्याला पुन्हा वेगळ्या रीतीने शिकवायचं. आणि ज्या मुलांचं वाचन सुधारलं त्यांच्या मनाची उदासीही कमी झाली. म्हणजे बघा, शिकता न येणं हे नुसतं गुणपत्रिकेवरचं दुःख नसतं, ते लेकराच्या मनात जाऊन बसतं.

उलट बाजूने १९७४ साली आयलॉन आणि रॉबर्ट्स यांनी एक प्रयोग केला. पाचवीतली पाच दंगेखोर मुलं घेतली. त्यांच्या दंग्याबद्दल बोललेच नाहीत. फक्त वाचनाचा पाठ बरोबर सोडवला, की गुण द्यायचे आणि त्या गुणांवर आवडीच्या गोष्टी मिळवू द्यायच्या. वाचन सुधारलं, आणि दंगा आपोआप उतरला! कारण हाताला जमणारं काम मिळालं की मन तिथं गुंततं. जे वाचताच येत नाही ते पुस्तक समोर धरून पाच तास बसवलं, तर तुम्ही-आम्हीसुद्धा चुळबुळ करू.

मग दोन्ही एकत्र केलं तर? १९९३ साली बाल्टिमोरमध्ये दुसरा प्रयोग झाला. त्यात पहिलीतली ६७८ मुलं होती. काही वर्गांत वागणुकीचा खेळ आणि सुधारलेलं शिकवणं, दोन्ही एकदम दिलं. ती मुलं बारावीच्या वयाला आली तेव्हा काय झालं, ते २००९ साली प्रसिद्ध झालं. ह्या वर्गांतल्या मुलांचे परीक्षेतले गुण चांगले होते, शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण जास्त होतं आणि कॉलेजात जाण्याचंही जास्त होतं. पहिलीतल्या एका वर्षाचा परिणाम बारावीला दिसला! शिस्त आणि शिकवणं ही बैलगाडीची दोन चाकं आहेत. एकच चाक फिरलं तर गाडी गोल गोल फिरते, पुढे जात नाही.

खोटी आशा लावायची नाही म्हणून एक गोष्ट आणखी सांगतो. इंग्लंडमध्ये अलीकडे ७७ प्राथमिक शाळांत हाच खेळ दोन वर्षं करून पाहिला. २०१८ साली निष्कर्ष आला, की वाचनात किंवा वागणुकीत सरासरीने फरक पडला नाही. अनेक ठिकाणी ठरल्यापेक्षा खेळ कमी झाला, काही शाळांनी मध्येच सोडला. बाल्टिमोरमध्येही दुसऱ्या वर्षीच्या तुकडीत परिणाम कमी दिसला. त्या वर्षी शिक्षकांना पहिल्यासारखं मार्गदर्शन आणि पाठबळ नव्हतं. याचा अर्थ उघड आहे. खेळ म्हणजे मंत्र नव्हे, की म्हटला आणि झालं. रोज करणारं माणूस पाहिजे आणि त्या माणसाच्या पाठीशी कुणी तरी उभं पाहिजे. शिक्षकाला एका बाजूला साठ पोरं, दुसऱ्या बाजूला निवडणूक आणि जनगणनेची कामं द्यायची आणि मग म्हणायचं, शिकवत नाही! हे बरोबर नाही. आपण शिक्षकाचा हिशेब मागितलाच पाहिजे, पण त्याच्या बाजूने शासनाकडे हिशेबही आपणच मागितला पाहिजे.

आता आपल्या देशातल्या दोन गोष्टी सांगतो आणि मग कामाचं बोलतो.

एक मुंबई आणि बडोद्याची. ‘प्रथम’ ह्या संस्थेने तिथल्या महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच भागातली, दहावी-बारावी शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती शाळेच्या वेळेत दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना जिथून येत नाही तिथून शिकवायची. २००१ पासून हे मोजून पाहिलं. निष्कर्ष २००७ साली छापून आला. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे पडलेल्या मुलांना झाला. हे संशोधन करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली नोबेल मिळालं. ‘ढ’ म्हणून बाजूला टाकलेलं पोरगं शिकलं, आणि शिकवणारी कुणी डॉक्टरेटवाली बाई नव्हती, बाजूच्या चाळीतली पोरगी होती!

दुसरी गोष्ट उत्तर प्रदेशातली. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. गटात तीन सवर्ण मुलं, तीन दलित. जात कुणाची उच्चारली नाही, तेव्हा दोघांनी सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटांत आधी सर्वांसमोर प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात वाचून दाखवली. त्या गटांत दलित मुलांची कामगिरी खाली आली आणि दोघांत अंतर पडलं. पोरं सारखीच, कोडी सारखीच. बदलला तो फक्त वर डकवलेला शिक्का. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. हजारो वर्षं एक शिक्का आपल्या कपाळावर होता. तो पुसायला बाबासाहेबांनी आयुष्य वेचलं. आणि आपण काय करतो? आपल्याच लेकराच्या कपाळावर आपल्या हाताने दुसरा शिक्का मारतो, ‘ढ’ म्हणून. बाहेरच्यांनी मारलेल्या शिक्क्याविरुद्ध आपण मोर्चा काढतो, घरातल्या शिक्क्याविरुद्ध कोण काढणार?

तेव्हा आता कामाचं. पाच गोष्टी सांगतो, महाग एकही नाही.

पहिली. मूल मागे पडतंय असं वाटलं, की आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात हे होतं. पोट भरतंय का, झोप पुरी होते का, हेही बघा. रात्री बारापर्यंत टीव्ही आणि मोबाईल चालू असलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोराची झोप कशी व्हायची?

दुसरी. पोरगं चांगलं वागत असताना त्याला पकडा. बसून वाचतंय, लहान भावाला शिकवतंय, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि काय चांगलं केलं ते नाव घेऊन सांगा. दिवसातून दहा वेळा रागावत असाल, तर निदान दहा वेळा हेही करा.

तिसरी. शाळेत गेल्यावर ‘आमचा कसा आहे हो?’ असं विचारू नका. त्याला उत्तर मिळतं, ‘बरा आहे’ किंवा ‘वांड आहे’. असं विचारा, ‘बाई, ह्याला परिच्छेद वाचता येतो का? हातच्याची वजाबाकी येते का? कुठं अडतंय?’ प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं. आणि वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला जा. हजेरी बुडाली तरी चालेल.

चौथी. मारू नका आणि मारू देऊ नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. ‘ढ’ म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं करणं हाही छळच आहे. पण कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो, आपल्या घराच्या दारात आपणच उभं राहायचं आहे. ‘गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं’ ही भाषा आता बंद करा. हाडं आणि कातडं दोन्ही त्या लेकराचीच आहेत.

पाचवी गोष्ट समितीकडे मागणं म्हणून ठेवतो. ह्या विहारात रोज संध्याकाळी एक तास, दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींनी पाच-पाच लहान मुलं घेऊन बसावं. इयत्तेप्रमाणे नको, जे येतं त्याप्रमाणे गट करा. चौथीतलं पोरगं अक्षरं ओळखत नसेल, तर अक्षरांपासून सुरू करा, पण दुसऱ्यांसमोर त्याचा पाणउतारा करू नका. दर शनिवारी एका वहीत लिहा, ह्या आठवड्यात कोण काय नवीन वाचायला शिकलं. दंगा किती झाला ते लिहू नका, शिकलं किती ते लिहा. सहा महिन्यांनी ती वही सगळ्या पालकांसमोर वाचून दाखवा. आणि शिकवणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी समितीतल्या एकेका माणसाने रोज येऊन बसावं, कारण पाठबळ नसलं की चांगला खेळही मोडतो, हे आपण आत्ताच ऐकलं.

बालमित्रांनो, तुम्ही इतका वेळ सतरंजीवर बसून ऐकलंत. काहींनी चुळबुळ केली, ती मी पाहिली. तो दोष तुमचा नाही, माझं भाषण लांबलं! कुणी तुम्हाला ‘ढ’ म्हटलं तर त्याला सांगा, ‘ढ’ हे बाराखडीतलं एक अक्षर आहे आणि ते मला लिहिता येतं.



जयभीम! नमो बुद्धाय!